रंग आधी लिहून ठेवायचा

सरांची सायकल फाटकाला टेकलेली दिसली की शेजारपाजारचे समजून जायचे, या घरात कुणीतरी गेलंय. एरवी सर कुणाकडे जात नसत, आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणी बोलावतही नसे. लखनौतल्या आम्हा मराठी मंडळींत लग्नाची पत्रिका त्यांना पोस्टाने जायची. हातात नेऊन दिली तर आत बसवून घेतील आणि मुलाची चौकशी करत बसतील, ही धास्ती. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला भर जेवणात विचारलं होतं, हा लहानपणी कशाला घाबरायचा? मामाने बिचाऱ्याने सांगूनही टाकलं, आणि नवरीकडची मंडळी ताटं हातात धरून ऐकत राहिली.

पण मरण झालं की सर तिसऱ्या दिवशी हजर. पँटच्या पायांना क्लिपा, खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात पट्ट्यांनी आवळलेल्या दोन पातळ फळ्या आणि फळ्यांच्या मध्ये कोरे कागद. चहा घ्यायचे नाहीत. प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायला लागायचे. आंघोळीला गरम पाणी लागायचं की गार? बायकोला हाक काय मारायचे? रागावले की आवाज चढायचा की बंद व्हायचा? चप्पल कुठे काढायचे? कुणी रडायला लागायचं, कुणी उठून आत जायचं. सर थांबायचे. पेन्सिल हातात धरून पंख्याकडे बघत बसायचे, पण उठायचे नाहीत.

मग तेराव्याच्या संध्याकाळी, जिथे आमचा गणपती बसतो त्या हॉलमध्ये शोकसभा व्हायची आणि सर उभे राहून तो कागद वाचायचे. त्यात काय निघेल याचा लोकांनी इतका धसका घेतलेला की काही जण जिवंतपणीच सरांशी जपून वागायचे. एक जोशीकाकू तर सरांसमोर नवऱ्याला ‘अहो’सुद्धा हळू आवाजात म्हणायच्या.

ते सर गेले. महिना होत आला. त्यांच्यावर लिहायला मी बसले आहे खरी, पण माझ्याइतका कमी हक्क या गावात दुसऱ्या कुणाला नसेल. का, ते सांगते.

मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. संस्था वनस्पतींची. सरांच्या ताब्यात हर्बेरियम होतं, म्हणजे वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून ठेवलेली, कपाटंच्या कपाटं, आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक लेबल. ती लेबलं मी टाईप करायची. पहिल्याच आठवड्यात कुणा नवख्याच्या वहीतून उतरवताना मी ‘सुंदर फूल’ असं टाईप करून दिलं. सरांनी बोलावून घेतलं.

“सुंदर हा कुठला रंग?” त्यांनी विचारलं.

त्यांनी कपाटातून एक जुना कागद काढून टेबलावर ठेवला आणि फुलाचा रंग सांग म्हणाले. फूल कसलं, चहाचा चोथा वाळल्यावर दिसतो तसं काहीतरी. मी म्हटलं, तपकिरी. मग म्हणाले, लेबल वाच. लेबलवर होतं, ताजं असताना जांभळं, देठाशी पांढरं, चुरगाळल्यावर कैरीचा वास. सर म्हणाले, “झाड वाळलं की रंग जातो, वास जातो, उंची जाते. पान, देठ, मूळ कागदावर राहतंच, ते कुणीही बघेल. जे राहणार नाही ते आधी लिहून ठेवायचं. आणि आपल्याला कळलं नाही तरी लिहायचं. ज्याला कळेल तो पन्नास वर्षांनी येईल.”

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं, असा साहेब मिळायला नशीब लागतं. बाबा एअरफोर्समधले, अठ्ठावीस वर्षं युनिफॉर्ममध्ये काढलेले. आमचं शेवटचं पोस्टिंग लखनौ, आणि निवृत्तीनंतर सरोजिनी नगरात घर बांधून इथेच राहिलो. त्यांना ओरडणारी माणसं आवडायची.

सरांचा हा कागदांचा उद्योग सुरू झाला तो आमच्याच संस्थेतल्या एका सहकाऱ्याच्या शोकसभेत. एकामागून एक उठत होते आणि मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष असं म्हणून बसत होते. सर उभे राहिले आणि म्हणाले, या माणसाला मी सव्वीस वर्षांत हसताना पाहिलेलं नाही. गेलेल्यांची बायको समोर बसलेली. सर पुढे बोलत राहिले. ते संत्र्याचं साल एका सलग पट्टीत सोलायचे आणि तुटलं तर ते संत्रं दुसऱ्याला देऊन टाकायचे. बसमधून उतरताना आपली जागा रुमालाने पुसून उतरायचे. ऑफिसातल्या मांजराला शिव्या द्यायचे आणि तिच्यासाठी दूध आणायचे. त्या बाई तोवर पदराच्या कडेशी चाळा करत बसल्या होत्या. संत्र्यापाशी त्यांनी मान वर केली, आणि मांजरापाशी त्यांना हुंदका फुटला. नंतर त्यांनी सरांच्या पुढ्यात हात जोडून विचारलं, हे मला लिहून द्याल का?

लिहून दिलं नाही. सर कागद कुणाला देत नसत. वाचायचे, आणि घरी नेऊन स्टीलच्या कपाटात ठेवायचे. संग्रहातला कागद बाहेर जात नाही, म्हणायचे, मी मेल्यावर घ्या. लोकांना राग यायचा. मला विचाराल तर राग यायलाच हवा होता. माणूस आमचं, आणि कागद याच्या कपाटात?

एका निवृत्त विंग कमांडरांबद्दल त्यांनी वाचलं की त्यांना पालीची भीती होती. रोज सकाळी बायको आधी बाथरूम बघून यायची, मग साहेब आत. मुलगा संतापला, फौजी माणसाची अब्रू काढता म्हणून अंगावर धावून गेला. सर म्हणाले, “त्यांनी दोन लढाया बघितल्या हे पाटीवर आहेच. हे कुठेच नव्हतं.” त्या बाई आता एकट्याच राहतात. मला एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, मी अजून सकाळी उठून बाथरूम बघून येते. बाकी सगळे त्यांच्या मेडलविषयी बोलतात, तेवढं एक सर बोलले म्हणून कुणाला तरी सांगता येतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आम्ही सगळे इथे नोकरीपायी आलेलो. कुणी एअरफोर्समधून, कुणी संस्थेतून, कुणी युनिव्हर्सिटीतून. गावाकडे आमचं माणूस गेल्याचा फोन जातो तेव्हा तिकडचे म्हणतात, अरेरे, आणि तिकीट मिळत नाही म्हणतात. इथल्या शेजाऱ्यांना आम्ही लहानपणी कसे होतो ते ठाऊक नाही, आणि गावच्या लोकांना आम्ही म्हातारपणी कसे झालो ते ठाऊक नाही. मुलं घरात मराठी कळूनही हिंदीत बोलतात. सर म्हणायचे, आपण इथले अर्धे आणि तिथले अर्धे, पूर्ण माणूस कुणाच्याच वहीत नाही. त्यांच्या त्या कागदामागे एवढंच होतं, पण ते सांगायची पद्धत अशी की चांगलं करूनही शिव्या खाव्यात.

स्वतः एकटे. लग्न केलं नाही. भाड्याची वरची खोली, गादीखाली वर्तमानपत्रं आणि वर्तमानपत्रांत दाबलेलं काहीबाही, म्हणून गादीवर बसलं की करकर आवाज यायचा. सब्जीच्या ठेल्यावर मेथीच्या जुडीतून दुसरीच पाती वेचून काढून भैयाला दाखवायचे. तो म्हणायचा, बाबूजी आ गए, अब पढ़ाई होगी. पण पाती बाजूला काढायचा. त्यांच्याशी भांडून कुणाला काही मिळत नसे.

बाबांशी मात्र त्यांचं जमलं. मी टायपिस्ट होते, नंतर ऑफिस सुपरिंटेंडंट झाले, सर निवृत्त झाले, तरी ते रोज संध्याकाळी बाबांबरोबर कानपूर रोडच्या आतल्या रस्त्याने फिरायला जायचे. दोघं फारसं बोलत नसत. बाबांच्या घरात जी एक गोष्ट कुणी काढायची नसे, ती सरांनी कधी काढली नाही, हे त्यातलं मुख्य.

ती गोष्ट म्हणजे माझा धाकटा भाऊ, श्री. बाबांनी त्याला एअरफोर्सच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. सगळ्या कॉलनीत पेढे वाटून पाठवलं होतं. तो दोन महिन्यांत सोडून आला. का, ते त्याने कधी नीट सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलं नाही. जाळीचं दार आतून धरून ठेवलं आणि म्हणाले, या घरात माझा मुलगा म्हणून तोंड दाखवायचं नाही. श्री बंगळुरूला गेला. नऊ वर्षं आला नाही. त्याचा तिकडचा नंबर माझ्याकडे होता. बाबा फिरायला गेले की आई माझ्या फोनवरून त्याच्याशी बोलायची, आणि जाळीचं दार वाजलं की मधेच फोन ठेवून द्यायची. बाबांना हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांनी नऊ वर्षांत एकदाही त्याचं नाव घेतलं नाही.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला आणायला स्कूटरवरून घरी गेले, तेवढा तासभर सर त्यांच्यापाशी बसले. त्याच तासात त्यांना आयसीयूत हलवायचं ठरलं. मी आईला घेऊन पोचले तेव्हा तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले. पुढे ते बोलले नाहीत. सकाळी गेले.

श्री दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आला. दारात उभा राहिला, बूट न काढता. आईकडे बघून पहिलं हेच विचारलं, काही बोलले का? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, तुझीच आठवण काढत गेले. मी आईकडे बघितलं. ती दवाखान्यात पोचली तेव्हा बाबा बोलत नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. श्री बूट काढून आत आला, आणि नऊ वर्षांनी त्या घरात जेवला.

दोन दिवस बरे गेले. मग त्याला कुणाकडून तरी कळलं की शेवटी बाबांपाशी सर होते. मला म्हणाला, “ताई, आई तो कुछ भी बोलेगी. मैं सर से पूछूँगा. सबके सामने.” सर खोटं बोलत नाहीत, हे लहानपणापासून त्याच्याही कानावर होतं. सरांनी हो म्हटलं तर तो खरं मानणार होता, आणि नाही म्हटलं तर आईचं खोटं पकडलं जाणार होतं. आई तेव्हा सत्तरीला टेकलेली. तिला मुलगा परत मिळाला होता तो एका वाक्यावर.

सर येऊन त्यांचे प्रश्न विचारून गेले होते. आईने सगळं सांगितलं, अगदी बाबा दाढी करताना गाल फुगवून तिला घाबरवायचे तेही. पण दवाखान्यातलं सर स्वतःच ऐकून होते, ते त्यांनी आम्हाला विचारलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या खोलीवर गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते आणि तिथे पोचल्यावर सगळं विसरले.

सरळच विचारलं, बाबा काय बोलले?

सर म्हणाले, नर्स फॉर्म भरायला आली होती. तिने विचारलं, बच्चे कितने हैं. तुझे बाबा म्हणाले, एक बेटी है.

मी त्या करकरणाऱ्या गादीवर बसले. आता खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. नऊ वर्षं मी त्यांची औषधं आणली होती, वीजबिलाच्या रांगेत उभी राहिले होते, आणि त्यांनी एकदा तरी मला मोजलं, असं वाटलं. लगेच माझी मलाच शिसारी आली. मग भीती वाटली. हे वाक्य त्या हॉलमध्ये वाचलं गेलं तर श्री तिथून तसाच विमानतळावर जाईल, आणि पुन्हा येणार नाही.

मी सरांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, ते मी वाचणार नाही, गाळीन. मी म्हटलं, गाळून चालणार नाही, तो उभा राहून विचारणार आहे. तुम्ही म्हणा, मुलाची आठवण काढली. एवढंच म्हणा. सर म्हणाले, “जे मी ऐकलं नाही ते कसं म्हणू? मला तुलाच एक विचारायचं होतं, त्या फॉर्ममधलं एक मला समजलं नाही,” आणि फळ्यांची पट्टी सोडायला लागले. मी त्यांचा हात धरला. आता आणखी काही विचारू नका म्हटलं, मला काही ऐकायचं नाही. आणि मग जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुम्हाला कोण आहे सर? तुमच्या या खरेपणाचं घरातल्या माणसाला काय भोगावं लागतं, ते तुम्हाला कुठून कळणार?

सरांनी पट्टी पुन्हा आवळली. बराच वेळ लागला, बक्कल बसत नव्हती. मग म्हणाले, ये तू आता, आईला एकटी ठेवू नकोस.

तेराव्याला हॉल भरलेला होता. सरांनी वाचलं. बाबा गाल फुगवायचे ते, चहात बिस्किट बुडवताना श्वास रोखून धरायचे ते, विमानाचा आवाज आला की जेवता जेवता त्याचं नाव सांगायचे ते. लोक हसले, आई हसली. माझं लक्ष श्रीकडे होतं. वाचन संपलं आणि तो उठला. हात मागे बांधून, ट्रेनिंगमध्ये उभं करतात तसा उभा राहिला.

“सर, मेरे बारे में कुछ कहा था उन्होंने?”

सरांनी चष्मा काढला. शर्टच्या टोकाला पुसला, परत घातला. कागदाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग ते म्हणाले, “हो. शेवटी त्यांनी मुलाची आठवण काढली.”

श्री खाली बसला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सर जेवायला थांबले नाहीत. त्यांची सायकल काढताना मी मागे धावत गेले, आभार मानायला. ते म्हणाले, नको, आणि गेले.

त्यानंतर त्यांनी एकही कागद लिहिला नाही. आमच्यात त्या वर्षी तिघं गेले. लोकांनी सवयीने फोन केले, तर म्हणाले, डोळे गेले माझे, आता दिसत नाही. आणि सकाळी वर्तमानपत्र वाचताना दिसायचे. शोकसभा पुन्हा पहिल्यासारख्या मनमिळाऊ आणि हसतमुख व्हायला लागल्या. काहींना सुटल्यासारखं झालं. मग एकदा त्या विंग कमांडरांच्या बाईंनी मला विचारलं, सर का येत नाहीत गं? मी काय सांगणार? मला मुलगा हवा होता आईसाठी, तो मी मिळवला होता. श्री दर रविवारी फोन करायचा, दिवाळीला यायचा, आईला बंगळुरूला नेऊन आणायचा. त्याची किंमत कुणी भरली ते मला ठाऊक होतं. सर ठेल्यावर भेटले तर कशी आहेस विचारायचे आणि माझं उत्तर यायच्या आत वळायचे. मीही अडवलं नाही. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

ते त्यांच्या खोलीतच गेले, दुपारी, खुर्चीत. घरमालकाने नागपूरच्या पुतणीला कळवलं. ती आली, सगळं तिने नीट केलं, आणि स्टीलचं कपाट उघडल्यावर मला बोलावून घेतलं. चाळीसएक कागद होते, प्रत्येकाच्या वर नाव. ती म्हणाली, काकांच्या शोकसभेला या सगळ्या घरांना बोलवू आणि ज्याचा कागद त्याला देऊ. ते तसंच म्हणायचे ना, मी मेल्यावर घ्या? मी हो म्हटलं. नावं लावून द्यायला बसले आणि बाबांचा कागद हाताला लागला.

सरांनी हॉलमध्ये जे म्हटलं ते त्या कागदावर नव्हतं. ‘मुलं किती, या प्रश्नाला उत्तर, एक बेटी है,’ हे होतं, शाईने. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी चारदोन ओळी आणि आकडे होते. सरांच्या कागदावर आकडे असायचेच, मी ते वाचले नाहीत. मला ती एकच ओळ दिसत होती. पुतणीची पाठ वळली तशी मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. फाडायला हात झाला नाही.

सभेला श्री आला. सरांसाठी म्हणून सुट्टी काढून आला, आईला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं. पुतणी एकेकाला नावाने हाक मारून कागद देत होती. लोक उभ्या उभ्या वाचत होते. कुणी हसत होतं, एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या कागदावरून बोट फिरवत होते. आमचं नाव आलं नाही. श्री उठून तिच्याकडे गेला. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि ताईंच्या हातून लावले होते सगळे, असं काहीतरी म्हणाली.

तो परत आला. “ताई, बाबा का काग़ज़?”

मी म्हटलं, नसेल सापडला. तो माझ्या पर्सकडे बघत होता. पर्स मी दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरली होती, चोरासारखी. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग अगदी शांतपणे म्हणाली, दे त्याला.

मी दिला. तो उभ्यानेच वाचायला लागला. गालांपाशी हसला, बिस्किटापाशी हसला. मग थांबला. कुठल्या ओळीवर थांबला ते मला न बघताही कळलं. कागद बाजूला न करता म्हणाला, “सर ने तो कुछ और कहा था.”

“सरांना काही म्हणू नकोस,” आई म्हणाली. “खोटं मी बोलले. त्यांना तिनेच गळ घातली असणार. तुला जायचं तर जा, पण त्या माणसाला बोल लावू नकोस.”

तो गेला नाही. मी डोळे मिटून घेतले. मग तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, “ये नीचे क्या लिखा है? पढ़ो.”

मी पेन्सिलीची अक्षरं वाचली. ‘नर्सने घरच्यांचा नंबर मागितला. न अडखळता दहा आकडे सांगितले. तिने लावला, नंबर वापरात नाही असं उत्तर आलं. म्हणाले, फिर लगाओ. पुन्हा लावला, तेच. आणखी एकदा लावायला सांगितलं. मग मास्क लावला. नंबर कोणाचा, मला कळलं नाही. मुलीला विचारायचं.’ आणि खाली ते आकडे.

“ये मेरा नंबर है,” श्री म्हणाला.

त्याचा पहिला नंबर. ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी बाबांनी चारबागच्या बाजारात नेऊन घेऊन दिलेला. दुसऱ्या दिवशी गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यांनी तो पाठ केलेला. श्री सांगत होता. “घर सोडलं त्याच दिवशी मी तो बंद केला. मुद्दाम. बाबांनी फोन केला तर लागू नये म्हणून.” एवढं त्याने मराठीत सांगितलं आणि भर हॉलमध्ये मोठ्याने रडायला लागला.

आईने त्याचं डोकं आपल्याकडे ओढलं. नाक पुसत, रागावल्यासारखी म्हणाली, “म्हणजे काढलीच ना आठवण? मी काय वेगळं सांगत होते?”

तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. सरांवर दोन शब्द मी बोलायचे होते. मी तशीच उठले. समोर सगळे हातात आपापले कागद धरून बसले होते. मी लिहून आणलेलं काही वाचलं नाही. एवढंच सांगितलं की चार वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये सर आमच्याबद्दल एक वाक्य बोलले होते आणि ते खरं होतं. लोकांना वाटलं, दुःखाने मला पुढचं सुचत नाहीये. पुढचं मला चांगलं सुचत होतं. ते वाक्य खरं आहे याचा पुरावा सरांनी स्वतःच्या हाताने लिहून स्वतःच्या कपाटात ठेवला होता, आणि आपण एकदा खोटं बोललो असं समजून तो माणूस गेला.